मेद थिजविण्याचा उपचार आणि आपली हाडे

(ज्ञातिमंडळाच्या वार्षिक स्नेहसंमेलनात राहुरी येथे दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



सेवानिवृत्त शिक्षकाने अशा प्रसंगी शिक्षण, शिष्यवृत्ती किंवा विवाहातील खर्च यांवर बोलावे, असा आपल्याकडे प्रघात आहे. त्या विषयांवर माझ्याहून अधिकारी वक्ते आज येथे उपस्थित आहेत. म्हणून चिटणीसांची अनुज्ञा घेऊन मी एक निराळाच विषय निवडला आहे. विषय ऐकून काहींना हसू येईल, काहींना संकोच वाटेल. परंतु आपल्या घरोघरी आज ज्याची कुजबूज चालते आणि ज्यावर कोणी उघडपणे बोलत नाही, असा तो विषय आहे. शस्त्रक्रियेवाचून, केवळ थंडीच्या योगे अंगावरील चरबी घालविण्याचा जो उपचार शहरांत निघाला आहे, तो ज्यांची हाडे दुबळी आहेत अशांनी करावा काय, हा तो प्रश्न होय.

मी वैद्य नव्हे. आयुष्यभर मुलांना भूगोल आणि सामान्य विज्ञान शिकविले, एवढीच माझी पात्रता. तेव्हा आज जे सांगणार आहे ते वैद्याच्या सल्ल्याऐवजी घ्यावे असे नसून, वैद्याकडे जाताना कोणते प्रश्न मनात घेऊन जावेत, यासाठी आहे.

प्रथम हा उपचार म्हणजे काय ते पाहू. इंग्रजीत त्यास ‘क्रायोलिपोलिसिस’ म्हणतात. जाहिरातीत ‘फॅट फ्रीझिंग’ असे लिहिलेले असते आणि आपले लोक त्यास ‘चरबी गोठविणे’ म्हणतात. वस्तुतः आपल्या मराठीत याहून नेमका शब्द आहे. पाणी गोठते, तूप थिजते. हिवाळ्यात आपल्या घरी खोबरेल तेलाची बाटली थिजून घट्ट होते, पण शेजारच्या तांब्यातील पाण्याचा बर्फ होत नाही. खोबरेल तेल सुमारे चोवीस अंशांवर थिजते, पाणी शून्यावर गोठते. या एका घरगुती गोष्टीत त्या साऱ्या उपचाराचे मर्म आहे. आपल्या त्वचेत, स्नायूंत पाण्याचा अंश मोठा. त्वचेखालच्या मेदपेशीत स्निग्ध द्रव्य भरलेले. म्हणून बेताची थंडी ठरावीक वेळ दिली, तर त्वचा शाबूत राहते आणि मेदपेशी मात्र आतल्या आत थिजून मरणपंथाला लागतात. मेलेल्या पेशी शरीरच हळूहळू उचलून नेते. त्यास दोन ते चार महिने लागतात.

ही गोष्ट वैद्यांच्या ध्यानात आली ती लहान मुलांमुळे. बर्फाची कांडी चोखणाऱ्या मुलाच्या गालावर लाल, कठीण गाठ येते आणि पुढे ती विरते, असे अमेरिकेतील दोन डॉक्टरांनी १९७० साली वैद्यकीय नियतकालिकात नोंदविले. बोस्टनच्या मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलमधील डीटर मानस्टाइन आणि रॉक्स अँडरसन या दोघा संशोधकांनी तोच धागा पुढे नेला, डुकरांवर प्रयोग केले आणि यंत्र सिद्ध झाले. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २०१० साली कमरेच्या बाजूंसाठी, २०१२ साली पोटासाठी आणि पुढे मांड्या, हनुवटीखालचा भाग इत्यादींसाठी त्यास मान्यता दिली.

उपचार करताना चिमटीत येईल एवढी चरबीची घडी एका पेल्यासारख्या साधनात ओढून घेतात आणि पस्तीस मिनिटांपासून तासभर थंड ठेवतात. नंतर ती जागा चोळतात. त्या जागी काही दिवस लाली, सूज, दुखरेपणा व बधिरपणा राहतो. काहींचा बधिरपणा काही आठवडे टिकतो. लाभ असा की, उपचार केलेल्या जागेचा मेदाचा थर सुमारे पाचवा ते चौथा हिस्सा कमी होतो. ज्याचे वजन बेताचे आहे, पण एखाद्या ठिकाणी वळी साचली आहे, अशा निरोगी माणसासाठी हा उपचार निघाला. वजन उतरविण्याचा हा उपचार नव्हे, ही गोष्ट पहिल्यानेच पक्की ध्यानात धरावी. काट्यावर उभे राहिल्यास फरक पडत नाही म्हटले तरी चालेल, आणि गुडघ्यांवरचा भार तर मुळीच हलका होत नाही.

आणखी एक गोष्ट. त्वचेखालची चरबी निराळी आणि पोटाच्या आत, आतड्यांभोवती व यकृतात साचणारी चरबी निराळी. मधुमेह आणि हृदयविकार यांच्याशी अधिक नाते या दुसरीचे. पुण्याच्या के.ई.एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी या विषयात मोठे काम केले आहे. ते आणि त्यांचे इंग्रज सहकारी डॉ. जॉन युडकिन या दोघांचे छायाचित्र ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात २००४ साली प्रसिद्ध झाले. उंचीच्या मानाने वजनाचा दोघांचा निर्देशांक एकच, म्हणजे २२.३, परंतु शरीरातील मेदाचे प्रमाण युडकिन यांचे ९.१ टक्के, तर याज्ञिक यांचे २१.२ टक्के निघाले. म्हणजे आपला माणूस दिसायला सडपातळ असूनही आत मेद बाळगून असतो. ही आतील चरबी चिमटीत येत नाही, म्हणून यंत्राच्या पेल्यातही येत नाही.

आता मुख्य प्रश्नाकडे वळतो. ही थंडी हाडांना बाधते काय?

सरळ उत्तर असे की, यंत्राने दिलेली थंडी त्वचा आणि तिच्या खालचा मेद यांपुरती असते. चरबीची घडी शरीरापासून ओढून घेतलेली असते, तिच्यात रक्त खेळत असते आणि स्नायूंच्या पलीकडील हाडापर्यंत ती थंडी पोचावी अशी योजनाच नाही. यंत्राच्या उत्पादकांनी ज्या रोगांत हा उपचार करूच नये म्हणून सांगितले आहे, ते मुख्यतः तीन आहेत. तिन्ही रक्ताचे आहेत आणि तिन्हींत थंडीने रक्त बिघडते. त्यांत हाडांच्या ठिसूळपणाचे नाव नाही. तेव्हा ‘चरबी थिजविली की हाडे पोकळ होतात’ असे जे बायाबापड्यांत बोलले जाते, त्याला आधार नाही. खोटे भय घालून कोणाला परावृत्त करणे हेही शिक्षकाला शोभत नाही.

पण बांधवहो, एवढ्यावर समाधान मानून उठून जाऊ नका. खरा धोका थंडीत नाही; तो आपण न केलेल्या निदानात आहे. ‘हाडांचा त्रास’ असे आपण एका शब्दात म्हणतो, पण त्या एका शब्दाखाली दहा निरनिराळे रोग दडलेले असतात. त्यांतील काही असे आहेत की, थंडीशी त्यांचे उघड वैर आहे.

एक उदाहरण सांगतो. मल्टिपल मायलोमा नावाचा एक कर्करोग हाडांच्या मगजात उद्भवतो. पाठ दुखते, बरगड्या दुखतात, हाड सहज मोडते, अशक्तपणा येतो. आणि रोगी महिनोन् महिने ‘वाताचा त्रास’ म्हणून तेल चोळीत बसतो. या रोगात काहींच्या रक्तात क्रायोग्लोब्युलिन नावाची प्रथिने निर्माण होतात. ती थंडीत साखळतात आणि बारीक रक्तवाहिन्या तुंबवितात. मी वर जे तीन वर्ज्य रोग म्हटले, त्यांतील पहिला तो हाच. दुसऱ्यात थंडीने रक्तातील लाल पेशी एकमेकींना चिकटतात आणि तिसऱ्यात त्या फुटून लघवी लाल होते. म्हणजे पाहा, ज्याला आपण साधे हाडांचे दुखणे समजतो, त्याच्या मुळाशी असा रोग असेल, तर तेथे थंडी देणे म्हणजे विस्तवाशी खेळणे होय.

दुसरे उदाहरण सांधेवाताचे. हातापायांचे लहान सांधे सुजविणाऱ्या या रोगातही काहींना क्रायोग्लोब्युलिन असतात. काहींची बोटे थंड पाण्यात हात घालताच पांढरी, मग निळी पडतात. तिसरे उदाहरण सिकलसेलचे. आपल्या महाराष्ट्रात नंदुरबारपासून गडचिरोलीपर्यंतच्या आदिवासी पट्ट्यात आणि विदर्भातील अनेक समाजांत हा रक्ताचा रोग आढळतो. त्यात खुब्याच्या हाडाचा रक्तपुरवठा तुटून ते मरू शकते आणि थंडी लागली की वेदनेचा झटका येऊ शकतो. या रोगाच्या निर्मूलनासाठी केंद्र सरकारने १ जुलै २०२३ रोजी राष्ट्रीय मोहीम सुरू केली, ती त्याचे गांभीर्य ओळखूनच. अशा रोग्याने थंडीच्या उपचाराचा विचार आपल्या तज्ज्ञ डॉक्टरला विचारल्यावाचून करू नये.

चौथी गोष्ट नसांची. पाठीचा मणका दबून नस चेपली गेली असेल किंवा मधुमेहाने पाय, पोट यांच्या संवेदना बोथट झाल्या असतील, तर यंत्र फार थंड लागत असूनही माणसाला ते कळत नाही, आणि कातडी भाजावी तशी इजा होऊ शकते. खुब्याची शस्त्रक्रिया झाल्यावर रक्त पातळ ठेवण्याच्या गोळ्या चालू असतील, तर पेल्याच्या ओढीने मोठे काळेनिळे डाग पडतात. बेंबीजवळ हर्निया असेल तर तेथे ओढ लावणे सर्वस्वी अयोग्य. आणि ज्याच्या मण्यांची झीज झाली आहे, त्याने तासभर एकाच ठेवणीत पडून राहावे काय, हाही विचार करण्याजोगा प्रश्न आहे.

परंतु सर्वांत महत्त्वाची गोष्ट मी आता सांगणार आहे. ती मला पुस्तकातून कळली नाही, घरातून कळली.

माझ्या एका चुलत वहिनींचे वय आता साठीच्या पुढे आहे. जन्मभर काटक. मागील काही वर्षांत त्यांचे पोट पुढे आले. वजन मात्र वाढले नव्हते. उलट दंड उतरले होते. लेकी-सुनांनी थट्टा करावी, लग्नकार्यात कोणी टोचून बोलावे, असे चालले होते. एके दिवशी त्यांनी एका वर्तमानपत्राची घडी माझ्या पुढ्यात ठेवली आणि म्हणाल्या, “भावोजी, तेवढे वाचून सांगा. यात कापाकापी नाही म्हणतात. घरात कोणाला बोलू नका. पैसे माझे मी साठवले आहेत.” मी वाचले. मग सहज विचारले, “वहिनी, वरच्या फळीवरचा डबा हल्ली हाताला येतो का?” त्या म्हणाल्या, “नाही हो, आता पाट घ्यावा लागतो. परकरही लोळतात म्हणून दोनदा मुडपून घेतले.”

हे ऐकून मी त्यांना आधी हाडांच्या डॉक्टरांकडे नेले. पाठीच्या कण्याची क्ष-किरण छबी निघाली. दोन मणके पुढच्या बाजूने दबले होते. कधी पडल्याचे, मोडल्याचे त्यांना आठवत नव्हते. कळशी उचलताना एकदा पाठीत कळ आली होती, एवढेच. डॉक्टरांनी मला समजेल अशा शब्दांत सांगितले : मणके दबले की कणा आखूड होतो आणि पुढे वाकतो, बरगड्यांचा पिंजरा कमरेच्या हाडाकडे खाली येतो, मधल्या आतड्यांना जागा उरत नाही, म्हणून ती पुढे ढकलली जातात. पोट सुटले असे दिसते, पण तेथे वाढलेली चरबी नसते, तर खचलेला कणा असतो.

बंधुभगिनींनो, या घरातील भिंत बाहेर फुगली तर आपण गिलावा खरवडीत नाही. पाया खचला काय ते पाहतो. वहिनींनी त्या यंत्राखाली पोट दिले असते, तर यंत्राने त्यांचे हाड मोडले नसते, हे खरे. पण पैसे गेले असते, पोट तसेच राहिले असते आणि त्या अवधीत तिसरा मणका दबला असता, तर त्याची भरपाई कोण करणार होते? आज त्यांची औषधे चालू आहेत, पाठ ताठ ठेवण्याचे व्यायाम चालू आहेत, आणि साठविलेले पैसे योग्य ठिकाणी खर्च झाले आहेत. त्यांची अनुज्ञा घेऊनच मी हे येथे सांगितले.

याच संदर्भात एक इशारा देतो. पोट कमी करावयाचे म्हणून पुष्कळजण कंबरेतून वाकण्याचे, उताणे निजून उठण्याचे व्यायाम करतात. अमेरिकेतील मेयो क्लिनिकमध्ये १९८४ साली ५९ प्रौढ स्त्रियांच्या ठिसूळ कण्यांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. पाठ मागे ताणण्याचे व्यायाम करणाऱ्यांपैकी १६ टक्के स्त्रियांच्या मणक्यांत नवी मोड आढळली. पुढे वाकण्याचे व्यायाम करणाऱ्यांत हे प्रमाण ८९ टक्के होते. अभ्यास लहान होता, तरी त्यातील धडा आजही तज्ज्ञ मानतात. तेव्हा ज्यांची हाडे ठिसूळ आहेत त्यांनी कोणते आसन करावे, हेही विचारून ठरवावे.

पोट सुटण्याचे आणखी एक कारण आपल्या भागात फार आहे. ते म्हणजे पुड्या. गुडघे दुखतात म्हणून बाजाराच्या दिवशी किंवा कोणा फिरत्या वैदूकडून नाव-गाव नसलेली भुकटी घेतली जाते. दोन दिवसांत दुखणे पळते, भूक लागते, माणूस त्याचे गुण गातो. अशा पुड्यांत स्टेरॉइड मिसळलेले आढळल्याची उदाहरणे वैद्यकीय नियतकालिकांत वारंवार प्रसिद्ध झाली आहेत. स्टेरॉइड हे योग्य हातांत अमृत आहे. पण महिनोन् महिने नकळत पोटात गेले, तर चेहरा चंद्रासारखा गोल होतो, मानेमागे व पोटावर चरबी साचते, हातपाय बारीक होतात, कातडी पातळ होते आणि हाडे आतून पोखरली जातात. म्हणजे एकाच पुडीने मेद वाढविला आणि हाडही खाल्ले. असा मनुष्य चरबी थिजविण्यास गेला, तर आधीच पातळ झालेली त्याची कातडी इजा सोसणार नाही आणि मूळ कारण तसेच राहील. मात्र येथे एक सावधगिरी सांगणे माझे कर्तव्य आहे. दीर्घकाळ घेतलेले स्टेरॉइड एकाएकी बंद करणे जिवावर बेतू शकते. पुडी घेऊन डॉक्टरांकडे जा, त्यांना दाखवा आणि ते सांगतील त्या क्रमाने सोडा.

स्टेरॉइडचा हाडांवर होणारा आणखी एक परिणाम करोनाच्या साथीनंतर आपल्या महाराष्ट्रात दिसून आला. मुंबईच्या हिंदुजा रुग्णालयातील डॉ. संजय अगरवाला आणि त्यांचे सहकारी यांनी २०२१ साली तीन रोग्यांची हकीकत प्रसिद्ध केली. करोनात जीव वाचविण्यासाठी त्यांना स्टेरॉइड द्यावे लागले होते आणि करोनाचे निदान झाल्यापासून सरासरी ५८ दिवसांत त्यांच्या खुब्याच्या हाडाचा रक्तपुरवठा तुटल्याची लक्षणे दिसू लागली. त्या साथीत आपल्या तालुक्यातीलही कितीतरी घरे होरपळली. तेव्हा ज्यांना ते औषध मिळाले होते आणि आता जांघेत किंवा खुब्यात दुखते, त्यांनी प्रथम त्याची तपासणी करून घ्यावी. देखणेपणाचे उपचार मागाहून.

आता या उपचाराचा स्वतःचा एक विरळ, पण विचित्र दोष सांगतो. क्वचित कोणाची चरबी कमी होण्याऐवजी उपचाराच्या जागी वाढते आणि कठीण होते. पेल्याच्या आकाराचा उंचवटाच तेथे उभा राहतो. हा प्रकार काही महिन्यांनी दिसू लागतो, आपोआप विरत नाही आणि बहुधा शस्त्रक्रियेनेच काढावा लागतो. लिंडा इव्हँजेलिस्टा ही जगप्रसिद्ध मॉडेल. तिने २०१५-१६ साली हा उपचार घेतला आणि २०२१ साली स्वतःच जाहीर केले की, त्या दोषाने आपले रूप बिघडले आणि आपण लोकांसमोर येणे टाळत होतो. तिने उत्पादकांवर दावा केला. २०२२ साली तो तडजोडीने मिटला. शस्त्रक्रिया नको म्हणून ज्या दारी जावे, त्याच दारातून कोणाला शेवटी शस्त्रक्रियेकडे जावे लागते. ज्याची हाडे दुबळी, ज्याला भूल देणे व हालचाल करविणे अवघड, त्याने हे आधीच तोलून पाहावे.

जाहिरातींविषयी दोन शब्द. आपल्या देशात १९५४ सालापासून औषधिद्रव्ये व जादूचे उपाय (आक्षेपार्ह जाहिराती) यांविषयीचा कायदा आहे. औषधाने बरे करून देतो अशी जाहिरात ज्या रोगांविषयी करता येत नाही, त्यांच्या यादीत स्थूलतेचाही समावेश आहे. तरीही भिंती आणि वर्तमानपत्रे आपण रोज पाहतो. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने २०२५ साली याच चरबी थिजविण्याच्या जाहिरातींवरून व्ही.एल.सी.सी. लिमिटेड या कंपनीस तीन लाख रुपये दंड केला. एका बैठकीत सहाशे ग्रॅम वजन आणि सात सेंटिमीटर घेर उतरतो, अशा प्रकारचा दावा त्यांत होता. तत्पूर्वी काया लिमिटेड या मुंबईच्या कंपनीसही अशाच कारणासाठी तीन लाखांचा दंड झाला होता. प्राधिकरणाने स्पष्ट केले की, अमेरिकेतील मान्यता ही ठरावीक जागच्या चरबीपुरती आणि निर्देशांक तीस किंवा त्याहून कमी असलेल्यांसाठी आहे; हा वजन घटविण्याचा उपचार नाही. शिवाय जे प्रयोग पुरावा म्हणून पुढे आले, ते अवघ्या ५७ व्यक्तींवरचे होते आणि त्यांत भारतीय किंवा आशियाई कोणी नव्हते. ज्या पुराव्यात आपल्या देशाचा एकही माणूस नाही, त्याच्या जोरावर आपल्या माणसांकडून पैसे घेतले जात होते, ही गोष्ट विचार करायला लावणारी आहे.

मग कोणी हा उपचार करूच नये काय? तसे मी म्हणणार नाही. प्रौढ, सज्ञान माणसाने आपल्या कष्टाच्या पैशाचे काय करावे, हे सांगणारा मी कोण? परंतु ज्यांना हाडांचा काही त्रास आहे, त्यांनी आधी पाच गोष्टी कराव्यात. पहिली, आपल्या हाडांच्या रोगाचे नाव काय, हे डॉक्टरांकडून लिहून घ्यावे; ‘वात’ हे उत्तर पुरे मानू नये. दुसरी, उंची मोजावी. तरुणपणीच्या उंचीहून ती दीड-दोन इंच घटली असेल, तर कण्याची छबी काढावी. तिसरी, हाडांच्या घनतेची तपासणी करावी. तीत तरुण निरोगी माणसाच्या सरासरीशी तुलना करून जो आकडा येतो, तो उणे अडीच किंवा त्याखाली असेल तर हाडे ठिसूळ झाली, असे जागतिक आरोग्य संघटनेचे मोजमाप आहे. चौथी, थंडीने बोटे पांढरी पडणे, अंगावर गांधी उठणे, लघवी लाल होणे यांपैकी काही कधी झाले असेल, तर ते लपवू नये. पाचवी, उपचार करणारी व्यक्ती नोंदणीकृत डॉक्टर आहे काय, हे विचारावे. आणि ज्या संमतिपत्रावर सही घेतात, ते पुरते वाचावे.

हाडांना काय हवे, हे मात्र आपल्या घरातच आहे. प्रौढ माणसाला दिवसाकाठी सुमारे एक हजार मिलिग्रॅम कॅल्शियम लागते. मासिक पाळी थांबल्यावर स्त्रीला याहून काहीसे अधिक. शंभर ग्रॅम नाचणीत ते सुमारे साडेतीनशे मिलिग्रॅम असते. ज्वारीत त्याचा दहावा हिस्साही नसतो. आपल्या या दुष्काळी पट्ट्याने ज्वारी-बाजरीवर पिढ्या काढल्या, ते अन्न उत्तमच आहे. त्यात आठवड्यातून काही वेळा नाचणीची भाकरी, तिळाची चटणी आणि रोज दूध-ताक यांची भर घालावी. राहुरीत महात्मा फुले कृषी विद्यापीठ आहे. तृणधान्यांवरील संशोधन आपल्या उंबरठ्यावर चालते, तर त्याचे फळ आपल्या ताटातही दिसावे. सकाळच्या उन्हात थोडे चालावे, डाळी, उसळी पोटभर खाव्यात, तंबाखूची मिसरी सोडावी. आणि वजन उतरवायचे असेल तर सावकाश उतरवावे. उपासमार करून झपाट्याने उतरविलेल्या वजनाबरोबर हाडांतील सत्त्वही जाते.

शेवटी, ज्ञातीचा एक सेवक म्हणून बोलतो. आपल्या वधू-वर मेळाव्यांत मुलीच्या बांध्याविषयी जे शेरे उघडपणे मारले जातात, ते मी अनेक वर्षे ऐकत आलो आहे. वीस-बावीस वर्षांच्या पोरी त्या भयाने अर्धपोटी राहतात. हाडे भक्कम होण्याची जी वर्षे असतात, नेमकी तीच वर्षे अशी वाया जातात; आणि चाळीस वर्षांनी त्याच स्त्रियांचे मणके खचतात. तेव्हाही आपण त्यांच्या पोटाला हसतो. माझ्या वहिनींनी पैसे गुपचूप साठविले ते दुखणे बरे करण्यासाठी नव्हे, तर आपली थट्टा थांबावी म्हणून. ही थट्टा थांबविण्यास कोणतेही यंत्र लागत नाही, एक पैसाही लागत नाही.

म्हणून मंडळास माझी नम्र सूचना आहे की, पुढील वर्षीच्या संमेलनात पन्नाशीवरील स्त्री-पुरुषांची उंची मोजण्याची आणि हाडांच्या तपासणीची सोय करावी. परिसरातील मोठ्या रुग्णालयांना विनंती केल्यास ते साह्य करतील, असा मला भरवसा वाटतो. सत्कारांच्या शाली आणि नारळ यांत थोडी काटकसर केली, तर तेवढा खर्च सहज निघेल.

 परमेश्वर आपणा सर्वांचे कणे ताठ ठेवो, ही प्रार्थना करून मी माझे भाषण पुरे करतो.